विंडोज ९८ वरचा भुईकाटा आणि हिशेबाचा नवा संगणक: सांगलीतलं एक प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या एका खासगी भुईकाट्यावर विंडोज ९८ सेकंड एडिशनचा संगणक आजही रोज सकाळी सुरू होतो. हळद, गूळ, बेदाणा, सरकी, भंगार, जे येईल ते त्या काट्यावर तोललं जातं. प्लॅटफॉर्मखालच्या लोडसेलकडून (भार मोजणाऱ्या सेन्सरकडून) वजन इंडिकेटरवर, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर, येतं, तिथून सिरियल केबलने संगणकात जातं, फॉक्सप्रोत लिहिलेला डॉसचा प्रोग्रॅम ते वाचतो आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तीन प्रतींची पावती काढतो. भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ वजन. काम एवढंच, आणि ते वर्षानुवर्षं चोख चाललेलं.

अडचण उभी राहिली वरच्या मजल्यावर, हिशेबाच्या खोलीत. तिथे विंडोज ७ चा संगणक होता. संध्याकाळी दिवाणजी काट्याच्या संगणकावरचं शेअर केलेलं फोल्डर उघडायचे आणि दिवसभराच्या पावत्यांची यादी उचलून हिशेबात घ्यायचे. विंडोज ७ ची सुरक्षा अद्यतनं १४ जानेवारी २०२० ला थांबली. क्रोम ब्राउझरनेही २०२३ च्या सुरुवातीला १०९ व्या आवृत्तीनंतर विंडोज ७ ला सोडलं. बँकेच्या आणि जीएसटीच्या कामात रोज काहीतरी अडायला लागलं, तेव्हा मालकांनी विंडोज ११ चा नवा संगणक घेतला. जुनी केबल नव्याला लावली आणि काट्याचं फोल्डर दिसेनासं झालं. पडद्यावर एकच ओळ, नेटवर्कचा मार्ग सापडत नाही.

मला बोलावलं तेव्हा हळदीचे सौदे सुरू झाले होते. दिवाणजी कार्बन प्रत समोर ठेवून प्रत्येक पावती पुन्हा टंकत होते. गाडीच्या नंबरातला एक आकडा चुकला की व्यापाऱ्याचा फोन यायचा. मालकांचं म्हणणं स्पष्ट होतं. "दादा, ह्या जुन्या विंडोजला आजचं नेटवर्क बसवून द्या, आणि त्याची आजची पुस्तकं कुठं मिळतात ती शोधा. काटा मात्र एक दिवसही बंद ठेवायचा नाही. गाड्या रस्त्यापर्यंत लागतात."

ही मागणी मी गांभीर्याने घेतली, कारण ती चुकीची नाही. जुन्या संगणकाबद्दल बोलताना आमच्या धंद्यातले बहुतेक जण 'फेकून द्या' इथेच थांबतात. इथे फेकणं शक्य नव्हतं. प्रोग्रॅम लिहून देणारी मंडळी केव्हाच धंदा बंद करून गेली होती. प्रोग्रॅम पॅरलल पोर्टला लावलेल्या डोंगलशिवाय, म्हणजे परवान्याची खूण असलेल्या छोट्या खुंटीशिवाय, उघडत नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिट रूपातच येतं, आणि ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम चालत नाहीत. नवा प्रोग्रॅम घ्यायची मालकांची तयारी होती, पण सौद्यांच्या मोसमात काट्यावर नवा प्रयोग करायची नव्हती. त्यांचा तो निर्णय मला पूर्णपणे पटला.

आधी प्रत, मग हात

शोधाला लागण्याआधी काटा बंद झाल्यावर रात्री हार्ड डिस्क बाहेर काढली, आयडीईला यूएसबी करणाऱ्या अडॅप्टरने माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपला लावली आणि तिची बिट-न्-बिट प्रत घेतली. ती दुसऱ्या डिस्कवर उतरवून त्याच संगणकात लावून पाहिली. विंडोज उठलं, प्रोग्रॅम उघडला, पावती निघाली. मूळ डिस्क कपाटात गेली आणि पुढचं सगळं काम प्रतीवर झालं. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेलही त्याच रात्री बदलला, कारण तो संपला की तारीख मागे जाते आणि पावतीवर चुकीचा दिवस छापला जातो.

हे लवकर सांगून टाकतो, कारण यात नवं काही नाही. पण हे झाल्याशिवाय जुन्या यंत्राला कुणी हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

कागद कुठे सापडले

विंडोज ९८ ची मुदत ११ जुलै २००६ ला संपली. त्यानंतर त्याच्यासाठी अधिकृत नवं काही लिहिलं गेलेलं नाही. म्हणून 'आजची पुस्तकं' शोधायला बसलं की माणूस भरकटतो. शोधायचं असतं ते त्या सिस्टिमसाठी लिहिलं गेलेलं शेवटचं पुस्तक, आणि त्याच्या जोडीला नव्या सिस्टिमचं आजचं पुस्तक, ज्यात जुन्यातलं काय काय काढून टाकलं ते लिहिलेलं असतं. एक कागद सांगतो की जुन्याला काय येतं. दुसरा सांगतो की नव्याने काय सोडलं. या दोहोंमधल्या अंतरातच बिघाड सापडतो.

पहिला कागद त्याच डिस्कवर होता. विंडोज फोल्डरमध्ये 'नेटवर्क', 'हार्डवेअर', 'जनरल', 'प्रिंटर्स' अशा नावांच्या साध्या टेक्स्ट फायली असतात. त्या कुणी उघडत नाही. नेटवर्कच्या फायलीत कार्डांच्या, प्रोटोकॉलच्या आणि इन्स्टॉल करतानाच्या ज्ञात अडचणी लिहिलेल्या आहेत, आणि त्या नेमक्या त्याच आवृत्तीसाठी आहेत.

दुसरा कागद मोठा होता, विंडोज ९८ रिसोर्स किट. हे जाडजूड पुस्तक वेगळं विकलं जायचं. पण त्याची ऑनलाइन प्रत मूळ सीडीवरच टूल्स फोल्डरच्या आत ठेवलेली असते आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. या काट्याची मूळ सीडी मात्र नव्हती. २०१९ च्या महापुरात, कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं तेव्हा मालकांचं गणपती पेठेतलं जुनं कार्यालय पाण्याखाली होतं. सीडी, बिलं, प्रोग्रॅमचं माहितीपत्रक, सगळं गेलं. शेवटी मालकांच्या भावाच्या गोदामात त्याच काळात घेतलेल्या दुसऱ्या संगणकाची सीडी निघाली. तिच्यावर ते पुस्तक शाबूत होतं.

ते नव्या संगणकावर उघडताना एक अडथळा येतो आणि अनेक जण तिथेच फाइल खराब आहे म्हणून सोडून देतात. पुस्तक सीएचएम प्रकारच्या मदत-फाइलमध्ये आहे. अशी फाइल नेटवर्कवरून उघडली किंवा इंटरनेटवरून उतरवलेली असली, की डावीकडे अनुक्रमणिका दिसते आणि उजवीकडे पान कोरं राहतं. २००५ च्या एका सुरक्षा अद्यतनापासून नेटवर्कवरच्या सीएचएम फायलींना अशी आडकाठी आहे. उपाय सोपा आहे. फाइल स्वतःच्या डिस्कवर घ्यायची, तिच्यावर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडायच्या आणि तळाशी 'अनब्लॉक' दिसलं तर त्यावर खूण करायची. त्याहून जुन्या एचएलपी फायलींचं दुखणं वेगळं. त्या उघडणारा प्रोग्रॅमच विंडोज १० पासून चालत नाही, म्हणून त्या मी काट्याच्या संगणकावरच वाचल्या.

तिसरा झरा म्हणजे मायक्रोसॉफ्टचे जुने नॉलेज बेस लेख. आधी त्यांच्या क्रमांकापुढे 'क्यू' हे अक्षर असायचं, पुढे 'केबी' आलं. जुन्या उत्पादनांवरचे असे पुष्कळ लेख मूळ जागेवरून निघून गेले आहेत. पण एका लेखात दुसऱ्याचा क्रमांक असतो. तो क्रमांक धरून इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये शोधलं की बऱ्याचदा पान मिळतं. विषय टाकून शोधलं तर हजार पानं येतात, क्रमांक टाकला तर हवं ते एक येतं. उतरवायच्या फायलींबद्दलही एक तारीख लक्षात ठेवायला हवी: ३ ऑगस्ट २०२० ला मायक्रोसॉफ्टने एसएचए-१ या जुन्या पद्धतीने डिजिटल सही केलेल्या विंडोजच्या फायली आपल्या डाउनलोड सेंटरमधून काढल्या. एखादी जुनी दुरुस्ती तिथे दिसत नाही याचा अर्थ ती कधी नव्हतीच असा होत नाही. मात्र दुसरीकडून घेतलेली फाइल तशीच चालवू नये. दोन वेगळ्या संग्रहांतून घेऊन त्यांची हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारी खूण) ताडून पाहावी, आणि प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही असेल तर तीही बघावी. विंडोजमधल्या सर्टयुटिल कमांडने हॅश काढता येते, वेगळं काही लागत नाही.

आणि चौथा कागद, जो मला सगळ्यात मोलाचा वाटला, तो कुठल्याही संग्रहात मिळाला नसता. काट्यावर बसणारे काका पहिल्या दिवसापासून हाच प्रोग्रॅम चालवतात. त्यांच्या खणात एक लांबट वही आहे. प्रोग्रॅम बसवायला आलेल्या मुलाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यांनी त्यात लिहून ठेवली आहे: कुठली कळ दाबल्यावर पावती पुन्हा छापली जाते, वर्षअखेरीला क्रमांक एकवर कसा आणायचा, इंडिकेटर बदलला तर बॉड रेट (केबलवरून माहिती जाण्याचा वेग) कुठे लिहायचा. त्याच वहीत एक ओळ होती: दिवस बंद करताना 'प्रिंटर' ऐवजी 'फाइल' निवडलं तर सगळ्या पावत्यांची यादी टेक्स्ट फाइलमध्ये जाते. ही सोय आहे हे दिवाणजींनाही माहीत नव्हतं. ते आजवर प्रोग्रॅमची मूळ डीबीएफ फाइलच, म्हणजे फॉक्सप्रोची नोंदींची फाइल, उचलत आले होते. काकांना मी म्हटलं, "काका, ही वही मला दोन तास द्याल का? झेरॉक्स काढून आणतो." ते म्हणाले, "ने की. पण पाणी लागू देऊ नको."

इंडिकेटर दुरुस्त करायला येणाऱ्या कारागिराकडेही सिरियल केबलवरून वजन कुठल्या क्रमाने येतं त्याचा एक कागद होता. आत्ता त्याची गरज नव्हती, पण नवा प्रोग्रॅम घेताना तोच सगळ्यात आधी लागणार, म्हणून त्याचीही प्रत घेतली.

कागद तारखेने लावल्यावर

जुन्या नेटवर्कबद्दल मिळणारे सल्ले एकमेकांना काटत जातात. एकजण म्हणतो नेटबीईयूआय (छोट्या नेटवर्कचा जुना प्रोटोकॉल) बसवा, दुसरा म्हणतो सुरक्षा धोरण सैल करा, तिसरा म्हणतो एसएमबी १ (नेटवर्कवर फायली शेअर करायची जुनी पद्धत) चालू करा, चौथा म्हणतो डायल-अप नेटवर्किंग १.४ टाका. मी हे सगळे सल्ले तारखेच्या क्रमाने लावून बघितले, आणि प्रत्येक सल्ला आपापल्या वर्षी बरोबर होता हे दिसून आलं.

नेटबीईयूआय १९९० च्या दशकातल्या छोट्या कार्यालयांसाठी सोयीचा होता. विंडोज एक्सपीमध्ये तो नेहमीच्या यादीतून गेला आणि सीडीच्या एका कोपऱ्यात उरला. व्हिस्टापासून तोही नाही. म्हणजे विंडोज ११ च्या बाजूला त्याला उत्तर द्यायला कुणी नाही.

डायल-अप नेटवर्किंग १.४ हे विंडोज ९५ आणि ९८ साठीचं खरंखुरं नेटवर्क अद्यतन आहे. पण ते मोडेमने जोडणाऱ्यांसाठी आणि पीपीटीपी बोगद्याच्या (इंटरनेटवरून खासगी जोडणीच्या) १२८ बिट एन्क्रिप्शनसाठी आहे. एका इमारतीतल्या केबलला त्याचा काही उपयोग नाही. विनसॉक २ चं अद्यतन विंडोज ९५ साठी आहे, ९८ मध्ये ते आधीपासूनच आहे. नावात 'नेटवर्क' आणि 'अपग्रेड' असले की लोक ही दोन्ही टाकून मोकळे होतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पुढची पायरी महत्त्वाची. विंडोज ९८ ओळख पटवायला एलएम (लॅन मॅनेजर) नावाची फार कमकुवत पद्धत वापरतं. विंडोज व्हिस्टापासून नव्या विंडोजने ती पद्धत आपणहून वापरणं सोडलं. मग विंडोज ७ वर हे फोल्डर इतकी वर्षं कसं उघडत होतं? जुना संगणक चालू करून स्थानिक सुरक्षा धोरण बघितलं तेव्हा उत्तर मिळालं. कुणीतरी लॅन मॅनेजर ऑथेंटिकेशनची पातळी खाली आणून ठेवली होती. ज्याने केलं त्याने काम चालू करून दिलं होतं; नोंद मात्र कुठेच नव्हती. उलट दिशेचा उपायही त्या काळात होता. डिरेक्टरी सर्व्हिसेस क्लायंट नावाचं अद्यतन विंडोज २००० सर्व्हरच्या सीडीवर क्लायंट्स फोल्डरमध्ये मिळायचं. ते टाकलं की विंडोज ९८ ला एनटीएलएम या ओळख पटवण्याच्या पद्धतीची दुसरी, मजबूत आवृत्ती येते. विंडोज ९८ च्या बाजूचं खऱ्या अर्थाने शेवटचं उपयोगी नेटवर्क अद्यतन कुठलं असं विचारलं तर मी याचंच नाव घेईन.

नंतर २०१७ येतं. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने एमएस१७-०१० ही दुरुस्ती दिली, मे महिन्यात वॉनाक्राय हा किडा (आपोआप पसरणारा व्हायरस) पसरला, जूनमध्ये नॉटपेट्या. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल. नॉटपेट्यामुळे तिथलं कंटेनर हाताळणीचं काम कोलमडलं. दोन्ही किडे एसएमबी १ मधल्या छिद्रातून संगणकावरून संगणकावर उडी मारत होते. त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून एसएमबी १ मुळात बसवलेलं नसतं. विंडोज ९८ ला नेमकं तेवढंच येतं. सांबा या, लिनक्सवरच्या फायली विंडोजला दाखवणाऱ्या प्रोग्रॅमनेही सप्टेंबर २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून ते मूळ मांडणीत बंद केलं. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये आणखी पुढे जाऊन एनटीएलएमची पहिली आवृत्ती काढून टाकली आहे, आणि प्रो आवृत्तीत एसएमबीवर सही सक्तीची केली आहे, पाहुण्या खात्याने शिरणं बंद केलं आहे.

इतकं एका कागदावर उतरवल्यावर मालकांनाही चित्र समजलं. नव्या संगणकात बिघाड नव्हता, जुन्यातही नव्हता.

जे केलं नाही

विंडोज ११ मध्ये 'विंडोज फीचर्स' मधून एसएमबी १ पुन्हा चालू करता येतं. दिवाणजींच्या ओळखीतल्या कुणीतरी हेच सुचवलं होतं. मी स्पष्ट नकार दिला. ज्या संगणकावर बँक उघडते, जीएसटीचा परतावा भरला जातो, रोज ईमेल येतात, त्याच संगणकाचं २०१७ मध्ये बंद केलेलं दार उघडायचं हे मला मान्य नाही. शिवाय ते उघडलं तरी पुढे ओळख पटवण्याच्या पायरीवर पुन्हा अडलं असतं, आणि मग तिथलं कुलूपही सैल करा अशी मागणी आली असती.

विंडोज ९८ साठी हौशी लोकांनी बनवलेले अनधिकृत सर्व्हिस पॅक आहेत. त्या मंडळींच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. घरच्या जुन्या संगणकावर ते जरूर वापरावेत. पण पावती हा जिथे पैशाचा पुरावा आहे तिथे सिस्टिमच्या मूळ फायली बदलणारं काही टाकायचं नाही असं ठरवलं. व्हर्च्युअल मशीनचा विचार पॅरलल पोर्टच्या डोंगलपाशी अडला.

डिरेक्टरी सर्व्हिसेस क्लायंटही शेवटी टाकला नाही. तो योग्य आहे, पण तो नेटवर्कचा मूळ क्लायंटच बदलतो, आणि त्याहून साधा मार्ग हाती होता.

जोडणी

सुधारणा जुन्या संगणकात करायची नाही, दोघांच्या मध्ये करायची, असं ठरलं. मालकांकडे पडून असलेल्या एका छोट्या संगणकावर डेबियन लिनक्स टाकलं आणि यूएसबीने दुसरा नेटवर्क पोर्ट दिला. एका पोर्टला फक्त काट्याचा संगणक, सरळ एका केबलने. दुसऱ्या पोर्टला कार्यालयाचं नेटवर्क. या दोन पोर्टांमधून एकही पॅकेट आरपार जात नाही, फॉरवर्डिंग बंद आहे. काट्याच्या संगणकाला पक्का आयपी क्रमांक दिला आणि गेटवेची जागा कोरी ठेवली. इंटरनेटकडे जायचा रस्ताच त्याला माहीत नाही. पूर्वी अशा थेट जोडणीला क्रॉस केबल लागायची. गिगाबिट पोर्ट तारांची अदलाबदल स्वतःच ओळखतो, त्यामुळे साधी केबल चालली.

फायली पाठवायला एफटीपी ही जुनी, साधी पद्धत निवडली. विंडोज ९८ मध्ये एफटीपीची कमांड जन्मापासून आहे आणि तिला आज्ञांची तयार फाइल देता येते. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो हा आक्षेप खरा आहे, आणि कार्यालयाच्या नेटवर्कवर मी हे कधीच केलं नसतं. इथे मात्र त्या केबलच्या दोन टोकांना दोनच यंत्रं आहेत आणि मध्ये भिंत आहे. लिनक्सवरची एफटीपी सेवा फक्त काट्याच्या बाजूच्या पोर्टवर ऐकते आणि सांबा फक्त कार्यालयाच्या बाजूच्या पोर्टवर.

इथे जुने कागद कामाला आले. विंडोजची एफटीपी कमांड पॅसिव्ह पद्धत जाणत नाही. म्हणजे डेटासाठीची जोडणी उलट बाजूने, सर्व्हरकडून येते. मध्ये राउटर असता तर हे अडकलं असतं, सरळ केबलवर अडत नाही. तसंच ती कमांड सुरुवातीला आस्की पद्धतीत असते, जिच्यात ओळींच्या शेवटची चिन्हं बदलली जातात. टेक्स्ट यादीला चालून जातं. आठवड्याला पाठवायच्या डीबीएफच्या प्रतीची मात्र वाट लागते. म्हणून आज्ञांच्या फाइलमध्ये लॉगिन झाल्याबरोबरची पहिली आज्ञा 'बायनरी' आहे.

नेटवर्कची मांडणी बदलताना विंडोज ९८ हमखास मूळ सीडी मागतं. सीडी घालण्याऐवजी डिस्कवरच बघितलं, तर विंडोजच्या आत ऑप्शन्स आणि त्याच्या आत कॅब्ज असं फोल्डर होतं. संगणक विकणाऱ्याने सगळ्या इन्स्टॉल फायली तिथे ठेवल्या होत्या. तो पत्ता दिला की काम पुढे सरकतं. त्यानंतर काट्याच्या संगणकावरचं फाइल आणि प्रिंटर शेअरिंग काढून टाकलं. आता तो कुणाला काही उघडून दाखवत नाही, फक्त स्वतःहून पाठवतो.

पाठवलं गेलं की नाही हे काकांना कसं कळणार, यावर बराच विचार केला. एफटीपीची ती जुनी कमांड अपयश आलं तरी बॅच फाइलला (आज्ञा ओळीने चालवणाऱ्या फाइलला) नीट सांगत नाही. म्हणून बॅच फाइल यादी पाठवते, लगेच तीच यादी वेगळ्या नावाने परत आणते आणि एफसी या डॉसच्या कमांडने दोन्ही ताडते. फरक नसेल तर पडद्यावर तशी ओळ येते. ती इंग्रजी ओळ काकांनी आपल्या वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली आणि खाली लिहिलं: 'ही दिसल्याशिवाय घरी जायचं नाही.'

मधला संगणक आलेल्या यादीला त्या दिवसाची तारीख जोडतो, म्हणजे कालची यादी आजच्या खाली दबत नाही. वरच्या मजल्यावर दिवाणजींना ती सांबाच्या फोल्डरमध्ये दिसते. तिथे आजचं एसएमबी ३ चालतं, नाव आणि पासवर्ड लागतो, आणि त्यांना फक्त वाचायचा अधिकार आहे. 'नेटवर्क'मध्ये तो संगणक दिसत नाही म्हणून दिवाणजी आधी काळजीत पडले होते. शेजारचे संगणक आपोआप दाखवणारी जुनी यंत्रणा एसएमबी १ बरोबरच गेली आहे. आयपी क्रमांक देऊन त्या फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर दिलं आणि ती काळजी मिटली. मोसम संपल्यावर फोल्डरचं नाव बदलावंसं वाटलं तर ते १२ अक्षरांच्या आत ठेवा, असंही नोंदीत लिहिलं आहे. त्याहून लांब नावाचं फोल्डर विंडोज ९८ ला दिसत नाही, आणि पुढे कुणी सांबाची बाजू काट्यालाही दाखवायची ठरवली तर ही एक गोष्ट त्याचा अख्खा दिवस खाईल.

या काट्यावर गाडीमालकांची नावं रोमन अक्षरांत आहेत, त्यामुळे यादी नव्या संगणकावर सरळ वाचता आली. मराठीत नोंदी ठेवणाऱ्या त्या काळच्या प्रोग्रॅममध्ये हे इतकं सोपं नसतं. विंडोज ९८ ला देवनागरी युनिकोड नीट येत नाही. त्या नोंदी बहुधा इस्कीमध्ये (भारतीय लिप्यांच्या जुन्या प्रमाणित सांकेतिकीत) किंवा एखाद्या फॉन्टच्या खासगी सांकेतिकीत असतात, आणि रूपांतराचं वेगळं काम लागतं. इस्कीचं प्रमाणक १९९१ चं आहे आणि त्याचे तक्ते उपलब्ध आहेत, त्यामुळे तो मार्ग निदान खुला आहे. ज्यांच्याकडे अशा मराठी नोंदी पडून आहेत त्यांनी त्या यंत्र चालू आहे तोवरच बाहेर काढाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सध्याची स्थिती

दिवस बंद करताना काका 'फाइल' निवडतात, प्रोग्रॅममधून बाहेर पडतात आणि डेस्कटॉपवरचं एक चिन्ह उघडतात. दिवाणजी यादी घेऊन शेवटचा पावती क्रमांक कार्बन प्रतीशी ताडतात. दोनदा टंकणं बंद झालं.

सगळे कागद एका फायलीत छापून ठेवले आहेत: विंडोज फोल्डरमधल्या टेक्स्ट फायली, रिसोर्स किटमधली नेटवर्कची प्रकरणं, नॉलेज बेसचे लेख, इंडिकेटरचा कागद, काकांच्या वहीची झेरॉक्स, मधल्या संगणकाची मांडणी आणि तारखेनुसार लावलेला तो तक्ता. प्रत्येक कागदावर तो कुठून आणि कधी मिळाला ते लिहिलं आहे. विंडोज ७ वर सैल केलेल्या धोरणाचीही नोंद घातली. फाइल आणि डिस्कची मूळ प्रत दोन्ही वरच्या मजल्यावर आहेत.

डोंगलचा प्रश्न शिल्लक आहे. तो एकच आहे, आणि तो गेला तर वरची सगळी मांडणी असूनही काटा हातपावतीवर येईल. म्हणून मालकांना सांगितलं आहे की ही जोडणी एका मोसमापुरतीच समजा. जुन्या वर्षांच्या डीबीएफ फायली लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडतात हे दिवाणजींनी स्वतः करून पाहिलं आहे, त्यामुळे मागचा हिशेब अडकून पडणार नाही. सौदे ओसरले की इंडिकेटरच्या कागदावरचा क्रम दाखवून दोन विक्रेत्यांकडून नव्या प्रोग्रॅमचं प्रात्यक्षिक मागवायचं ठरलं आहे. ते प्रात्यक्षिक काकांनी बघून होकार दिल्यावरच पैसे द्यायचे, ही अट मालकांनी स्वतःच घातली.